जुना सीपीयू भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2025 पासून माझ्या दुकानात दिवसाआड कुणी ना कुणी एकच प्रश्न घेऊन येतं. "मॅडम, विंडोज दहा बंद झालं म्हणे. आता सीपीयू नवीनच घ्यायला लागणार ना?" विचारणारे सगळे साधे लोक आहेत. वाडीवरच्या शाळेचे मुख्याध्यापक, पतसंस्थेतले क्लार्क, लग्नपत्रिका छापणारे, सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरणाऱ्या मुली, मुलगा इंजिनिअरिंगला गेला म्हणून पैसे जमवून आलेले वडील. यांतल्या बऱ्याच जणांना मी "नवीन घेऊ नका" असं सांगून परत पाठवते. चिपळूणला संगणक दुरुस्तीचं काम मी पेंटियमच्या जमान्यात सुरू केलं आणि आजही रोज पेचकस हातात असतो. त्यावरून खात्रीने सांगते, की आपल्याकडे भंगारात जाणारी कितीतरी मशीन एखाद-दुसरा पार्ट बदलून आणखी चार-पाच वर्षं सहज काम देतील. आपल्या पत्राच्या वाचकांत शाळांच्या आणि सोसायट्यांच्या संचालक मंडळांवरचे लोक पुष्कळ आहेत. खरेदीचे ठराव तेच मंजूर करतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी विंडोजची भीती. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबवले. त्यामुळे कुणाचा संगणक बंद पडलेला नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणं थांबलं, आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी ते गंभीरपणेच घ्यायला हवं. पण घरगुती वापराच्या मशीनला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून घेता येतात आणि ती सोय विंडोजच्या अपडेटच्या पानावरच आहे. म्हणजे घाईघाईने कर्ज काढून मशीन घेण्याचं कारण नाही.

विंडोज 11 ला काय लागतं? 4 जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), डिस्कवर 64 जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीचा रायझन 2000 मालिकेपासून पुढचा प्रोसेसर. या अटींत बसणाऱ्या मशीनवरही "हा संगणक पात्र नाही" असा संदेश हमखास येतो, आणि तो वाचून लोक नवीन मशीनचं कोटेशन मागवतात. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम प्रोसेसरमध्येच असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम म्हणून. ते चालू केलं की तोच संगणक पात्र होतो. मात्र हार्ड डिस्कचे भाग जुन्या एमबीआर पद्धतीने पाडलेले असतील, तर ते आधी नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घ्यावे लागतात. नाहीतर बायोसची सेटिंग बदलल्यावर मशीन विंडोजपर्यंत पोचतच नाही. हे काम जाणकाराकडून, आणि डेटाची कॉपी काढून मगच करावं.

पिढी ओळखणं अवघड नाही, पण बिलावर ती कुणी लिहीत नाही. आय5-3470 यात रेघेनंतरचा पहिला आकडा 3, म्हणजे तिसरी पिढी. आय5-10400 यात 10, म्हणजे दहावी. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून उतरवलेली मशीन सध्या गावोगाव "आय-सेव्हन, एकदम मक्खन" म्हणून विकली जातात. बारकाईने बघितलं तर आत आय7-2600 असतो, 2011 सालचा. 2022 सालचा साधा आय3-12100 त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे आणि वीजही कमी खातो. वापरलेली मशीन घ्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः विकते. पण आय-थ्री की आय-सेव्हन हे विचारण्याआधी कितवी पिढी ते विचारा.

आता मशीन हळू का चालतं त्याबद्दल. आमच्या तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेची संपूर्ण लॅब बदलायची म्हणून एका विक्रेत्याने कोटेशन दिलं होतं. मुख्याध्यापकांनी त्याआधी मला बघायला बोलावलं. मशीन चौथ्या पिढीची, आय3-4130, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क. चालू करून डेस्कटॉप येईपर्यंत मुलांचा अर्धा तास फुकट जातो, अशी तक्रार. मी टास्क मॅनेजर उघडला आणि सरांना खुर्चीवर बसवून दाखवलं. प्रोसेसरच्या रांगेत आकडा दहाच्या आसपास खेळत होता आणि डिस्कच्या रांगेत लाल रंगात 100 टक्के. तो खाली यायलाच तयार नव्हता. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघत होता. कोटेशनमध्ये मात्र प्रोसेसर नवा, बोर्ड नवा, सगळंच नवं.

फिरत्या डिस्कमध्ये तबकडीवरून हेड पुढेमागे सरकत माहिती शोधतं. एकच मोठी फाइल सलग वाचायची तर ती सेकंदाला 100-150 एमबी वेग देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलायच्या असतात, तिथे तोच वेग एक-दोन एमबीवर येतो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. साटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडीसुद्धा सलग वाचताना 500 एमबीच्या पुढे जाते, आणि बारीक फाइलींतला फरक तर डोळ्यांना दिसतो. आम्ही त्या शाळेत प्रत्येक मशीनला 256 जीबीची एसएसडी लावली, रिकाम्या खाचेत 4 जीबीची वापरलेली डीडीआर3 रॅम टाकली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली, उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली, पंख्यातली धूळ ब्लोअरने उडवली. दोन नवीन मशीन जेवढ्यात आली असती तेवढ्यात अख्खी लॅब उभी राहिली.

विंडोजचं काय केलं, हा प्रश्न येईलच. चौथ्या पिढीवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. आडमार्गाने ते टाकून देणारे आहेत, पण अपडेट मिळत राहतील याची हमी कुणी देत नाही. हिशेबाच्या आणि नेट बँकिंगच्या मशीनवर मी तसं करून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. शाळेत आम्ही विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे, त्याच्या 22 व्या आवृत्तीला 2029 पर्यंत अपडेट आहेत, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे आणि लिबर ऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरचा मेन्यूसुद्धा मराठीत करता येतो. मुलांना आठवडाभरात सवय झाली, शिक्षकांना थोडा जास्त वेळ लागला. ज्यांचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालतच नाही, त्यांचं गणित वेगळं. आमच्या बाजारपेठेतले डीटीपीवाले (छपाईची पानं जुळवणारे) अजून पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर आणि डोंगल, म्हणजे किल्लीसारखा तुकडा, लावलेल्या जुन्या फॉन्टवर काम करतात. त्यांना मी सांगते, ते मशीन इंटरनेटपासून तोडून नुसतं डीटीपीला ठेवा, एसएसडी टाका आणि ईमेल-बँकेसाठी दुसरं लहानसं मशीन वापरा.

रॅमबद्दल सध्या सगळ्यात जास्त फसगत होते. डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 हे रॅमचे प्रकार एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, मधली चीर वेगळ्या जागी असते. तरी लोक ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून मागवतात आणि बसत नाही म्हणून दाबतात. त्यात बोर्डाची खाच तुटते. बोर्डावर किती खाचा आहेत आणि आत आधी कुठली रॅम आहे, हे झाकण उघडून बघितल्याशिवाय रॅम मागवू नये. बोर्ड दोन चॅनलचा, म्हणजे रॅमशी दोन वाटांनी जोडलेला, असेल तर 16 ची एक टाकण्यापेक्षा 8-8 च्या दोन टाकाव्यात. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा फायदा जास्त होतो, कारण प्रोसेसरच्या अंगचं ग्राफिक (पडद्यावर चित्र काढणारा भाग) याच रॅममधून वाटा घेतं. 32 बिटचं विंडोज असेल तर 8 जीबी टाकूनही 4 च्या आतच दिसणार, तिथे दोष रॅमचा नसतो.

आणि भाव! जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, म्हणून त्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. 2025 च्या शेवटी बाजारात जे झालं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. दीड-दोन हजारांना मिळणारी 8 जीबीची डीडीआर4 रॅम दुपटीच्या वर गेली. मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीरच केलं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की मेलेल्या मशीनमधली रॅम काढून ठेवा. बोर्ड जळला तरी रॅम बहुधा चांगली असते. भंगारवाला ती किलोवर नेतो आणि तुम्ही तशीच नवीन घ्यायला माझ्या दारात येता, याचं मला वाईट वाटतं.

ज्या पार्टवर लोक सगळ्यात कमी पैसे घालतात आणि ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं तो म्हणजे एसएमपीएस, पॉवर सप्लाय. कॅबिनेटसोबत फुकट येणारा हलकाफुलका डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत 450 वॅट. ते मोठे अक्षर सोडा आणि बाजूचा तक्ता वाचा. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मुख्यतः 12 व्होल्टच्या लाइनवर चालतात. तक्त्यात 12 व्होल्टपुढे 14 अँपिअर लिहिलं असेल, तर बारा गुणिले चौदा, 168 वॅट. तुमच्या कामाची खरी ताकद एवढीच. वडिलांच्या मागे लागून मुलगा गेमसाठी ग्राफिक कार्ड घेतो आणि ते अशा डब्यावर चढवतो. बोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, त्यापुढचं पॉवर सप्लायच्या वेगळ्या वायरने द्यावं लागतं. ती वायर डब्याला नसली की जोडणीचा तुकडा लावून हार्ड डिस्कच्या वायरीतून करंट ओढला जातो. प्लास्टिक वितळून काळे पडलेले असे कनेक्टर माझ्या टेबलाच्या खणात आहेत, येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ते हातात देते. चांगल्या कंपनीचा, 80 प्लसचं (वीज कमी वाया घालवण्याचं) प्रमाणपत्र असलेला सप्लाय घ्या. तो पुढच्या मशीनलाही लावता येतो. ब्रँडेड मशीनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं, की त्यातल्या बऱ्याच मशीनचा सप्लाय आणि बोर्डावरची जोडणी त्या कंपनीपुरतीच असते, बाजारातला साधा सप्लाय बसत नाही. लहान कॅबिनेटमध्ये तर पूर्ण उंचीचं कार्डसुद्धा मावत नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. पावसाळ्यात "डिस्प्ले येत नाही, नुसते बीप वाजतात" अशी मशीन रांगेने येतात. दमट हवेने रॅमच्या पायांवर थर बसलेला असतो. वीज बंद करून रॅम काढावी, सोनेरी पट्टीवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, खाच ब्रशने साफ करावी आणि घट्ट बसवावी. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. तारीख सारखी मागे जात असेल आणि बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणत असेल, तर बोर्डावरचा सीआर2032 नावाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. त्यासाठी "मदरबोर्ड गेला" असं सांगितलेली मशीन माझ्याकडे आलेली आहेत.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडली की लोक मेन स्विच बंद करतात, पण इंटरनेटची तांब्याची वायर तशीच लावलेली राहते. त्या वायरीतून झटका येतो आणि बोर्डाचा लॅन पोर्ट जातो. बाकी मशीन ठणठणीत असतं. अशा वेळी बोर्ड बदलायची गरज नाही, काही शे रुपयांचं लॅन कार्ड किंवा यूएसबीचा लॅन घ्यावा. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायलाच हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो अर्थिंगचा दोष समजावा आणि त्यावर एकही नवा पार्ट चढवू नये.

22 जुलै 2021 च्या पुराचं इथे लिहिलं पाहिजे. त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडे चिखलाने भरलेली मशीन येत होती. लोकांनी घरी आणल्या आणल्या चालू करून बघितली ती गेली. ज्यांनी हात न लावता आणली, त्यांचे बोर्ड आम्ही स्वच्छ पाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून पुन्हा उभे केले. रॅम आणि प्रोसेसर तर बहुतेक वाचले. पॉवर सप्लाय मात्र एकही परत वापरला नाही आणि कुणी वापरूही नये. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका.

आता खरोखरच नवीन घ्यायची वेळ आली असेल तर. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं मशीन आहे, बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांडीसारखे पार्ट) फुगलेत, काम वाढलंय, तर माझंही मत नवीन घ्यावं असंच आहे. पण पुढे वाढवता येईल असं घ्या. एएमडीचा एएम4 सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) याचं चांगलं उदाहरण आहे. 2017 साली पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर, बायोस अपडेट करून, 2020 च्या शेवटी आलेले रायझन 5000 मालिकेतले प्रोसेसर बसले. बोर्ड, रॅम, कॅबिनेट तेच. इंटेलकडे उलट अनुभव आला. सातवी आणि आठवी पिढी दोन्ही 1151 नावाच्याच सॉकेटची, पण आठवीचा प्रोसेसर सातवीच्या बोर्डावर चालत नाही. सॉकेटचं नाव जुळलं म्हणून खरेदी करू नका, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, ती बघा. प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षरसुद्धा वाचा. इंटेलच्या नावाला शेवटी एफ असेल तर अंगचं ग्राफिक नसतं. रायझन 5 5600जी ला ते आहे, नुसत्या 5600 ला नाही. पाचशे-हजार वाचवायला असा प्रोसेसर घेतला, तर पडद्यावर चित्र यायलाच वेगळं कार्ड घ्यावं लागतं. एम.2 म्हणजे बोर्डावरची एसएसडीची लहान खाच, तिचंही तसंच. दिसायला एक, पण काही बोर्डांवर तिथे फक्त साटा चालते, काहींवर फक्त जास्त वेगाची एनव्हीएमई. बोर्डाचं पुस्तक फेकू नका, त्यात हे लिहिलेलं असतं.

भंगारात द्यायचीच वेळ आली तर डिस्क काढून घ्या. पतसंस्थेच्या जुन्या डिस्कवर सभासदांची आधार आणि खात्याची माहिती तशीच असते, फॉरमॅट मारला म्हणून ती जात नाही. बाकीचं मशीन नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच जावं. त्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि मोठ्या प्रमाणावर उपकरणं वापरणाऱ्या संस्थांना ते बंधनकारक आहेत.

शाळा, ग्रामपंचायती आणि सोसायट्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे, की नवीन संगणकांचा ठराव घेण्याआधी आहे त्या मशीनची तपासणी करून एक कागद मागा. प्रत्येक मशीनचा प्रोसेसर पूर्ण नंबरासह, रॅमचा प्रकार, रिकाम्या खाचा, डिस्कची तब्येत आणि टीपीएम आहे की नाही. दहा-पंधरा मिनिटांत एका मशीनचं हे काम होतं, कुठलाही चांगला तंत्रज्ञ ते करून देईल. आणि नवीन घेतलंच, तर बिलावर "कॉम्प्युटर सेट 1 नग" असं लिहून घेऊ नका. बोर्डाचं मॉडेल, पॉवर सप्लायची कंपनी, रॅम एक की दोन, एसएसडीचा सिरियल नंबर, प्रत्येक पार्टची वॉरंटी किती वर्षांची, हे सगळं बिलावर असलं पाहिजे. वेगवेगळ्या पार्टना वेगवेगळी वॉरंटी असते. बिलात पार्टचं नावच नसल्यामुळे ती बुडालेली माणसं माझ्याकडे येतात, आणि मला काही करता येत नाही.

जूनमध्ये आपल्या पत्राची प्रवेशाची पुरवणी निघते. तीत लॅपटॉपच्या जाहिरातींच्या शेजारी, जुना डेस्कटॉप कसा तपासावा यावर अर्धा रकाना द्यावा. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
संगणक दुरुस्ती व्यावसायिक, चिपळूण (जि. रत्नागिरी)